फिशटँकच्या ओव्हरफ्लोचे पाइप पुन्हा उघडता यायला हवेत, तर फिटिंग्ज कोणती घ्यावीत?

पाणथळ

नमस्कार मंडळी,

घरात चार फुटी टाकी आहे. १२० × ४५ × ४५ सेंमी, गोडं पाणी. डाव्या कोपऱ्यात काचेची ओव्हरफ्लोची पेटी आणि पेटीच्या तळाला दोन भोकं. एकातून पाणी खाली कपाटातल्या संपमध्ये, म्हणजे फिल्टर आणि पंप असलेल्या छोट्या टाकीत, उतरतं, दुसऱ्यातून पंपाचं पाणी वर येतं. तीन वर्षांपूर्वी दुकानातून आलेल्या मुलाने तासाभरात सगळं जोडून दिलं. जोडलं म्हणजे टँक निपलपासून (काचेच्या भोकात नट-वॉशरने बसतं ते फिटिंग) संपपर्यंत एकूण एक सांधा सोल्युशनने चिकटवला. मी शेजारीच उभा होतो, तेव्हा काही खटकलं नाही.

गेल्या बुधवारी रात्री दीडला कपाटातून घरघर ऐकू यायला लागली. उतरत्या पाइपच्या एल्बोत गोगलगाय अडकली होती आणि टाकीचं पाणी काठाला आलं होतं. पंप बंद केला, पण अडकलेलं काढायचं कसं? कुठलाच सांधा सुटेना. शेवटी कपाटात डोकं घालून हेक्सॉ ब्लेडने पाइप कापला. कापताना निपलला हिसका बसला आणि वॉशरखालून पाणी ठिबकायला लागलं. पहाटे पाचपर्यंत मी आणि बायको बादल्यांनी टाकी रिकामी करत होतो.

सध्या अकरा एंजल आणि एक प्लेको असे सगळे मासे बाथरूममध्ये निळ्या ड्रममध्ये आहेत, स्पंज फिल्टरवर. आई रोज सकाळी विचारते, की आंघोळीला बाथरूम कधी मोकळं होणार.

आता सगळं नव्याने करायचं आहे आणि प्रत्येक भाग हाताने सोडवता आला पाहिजे, एवढी एकच अट आहे. युनियन, म्हणजे नट फिरवून सुटणारे जोड, कुठे कुठे घालू? निपल आट्यांचं घ्यावं की साधं सॉकेटचं? व्हॉल्व्ह बॉल की गेट? पाइप यूपीव्हीसी की सीपीव्हीसी? ज्यांनी स्वतः केलं आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

कोकणकडा

कपाटाचा आतून फोटो टाका. टाकीचा तळ ते संपचा काठ किती अंतर आहे त्यावर बरंच ठरतं.

मोगरा

मथळ्याखाली संप शब्द दिसला म्हणून धागा उघडला, वाटलं एसटीचा आहे. आता आलेच आहे तर विचारते. आमच्याकडे काचेच्या बोलमध्ये एक फायटर मासा आहे, त्याला असलं काही लागत नाही ना?

पंचगंगा

मी कोल्हापूरला प्लंबिंगची कामं घेतो, बावीस वर्षं झाली. घरी दोन टाक्या आहेत, पोरांच्या हौसेच्या.

पाणथळ, त्या पोराची सगळीच चूक नाही बघा. आम्ही भिंतीतलं काम करतो तेव्हा चिकटवायचंच असतं. सोल्युशन म्हणजे डिंक नव्हे. ते पाइपचा आणि फिटिंगचा पृष्ठभाग विरघळवतं आणि दोन्हीचं मिळून एकच प्लॅस्टिक होतं. म्हणून तो सांधा गळत नाही, आणि म्हणूनच जन्मात सुटतही नाही. तेव्हा सोल्युशनची डबी उघडायच्या आधी कागदावर चित्र काढा आणि कुठे सुटलं पाहिजे तिथे लाल खूण करा. माझ्या हिशेबाने टाकीखाली खुणा दोनच: निपलच्या लगेच खाली एक आणि व्हॉल्व्हच्या खाली एक. दोन युनियनच्या मधला तुकडा व्हॉल्व्हसकट बाहेर आला पाहिजे. पाइपचं शेवटचं टोक संपमध्ये मोकळं सोडा, तिथे काही बांधायचं नाही.

पेटीच्या आतला उभा पाइप मात्र नुसता दाबून बसवा, सोल्युशन लावू नका. निपलचं सॉकेट आत थोडं निमुळतं असतं, पाइप पक्का बसतो. वरून हात घालून फिरवत ओढला की निघतो. गोगलगाय काढायला कपाटात शिरायचं कारणच राहणार नाही.

आणि निपलला पाना लावू नका. हाताने घट्ट, वर पाव फेरा. रबरी वॉशर कडेने फुगून बाहेर आला म्हणजे जास्त आवळलंय समजा. निपलच्या नटाच्या आट्यांवर टेप नको, सिलिकॉनही नको. तिथं पाणी अडवायचं काम वॉशरचं आहे, आट्यांचं नाही.

शिंपला

पंचगंगा दादांना अनुमोदन. माझा मुद्दा वेगळा आहे. तुमच्या टाकीत उतरता पाइप एकच आहे. युनियन घालून तो साफ करता येईल, पण तुम्ही घरी नसताना तुंबला तर पुन्हा तेच.

दोन्ही भोकं पाणी उतरवायला वापरा आणि पंपाचा पाइप कपाटाच्या मागून वर नेऊन टाकीच्या काठावरून आत सोडा. याला हर्बी पद्धत म्हणतात. पहिला पाइप पूर्ण पाण्याने भरून वाहतो आणि त्याच्यावर व्हॉल्व्ह असतो. व्हॉल्व्ह थोडा थोडा आवळत पेटीतलं पाणी त्या पाइपच्या तोंडाच्या वर आणून ठेवायचं. हवा आत जात नाही, त्यामुळे घरघर संपूर्ण थांबते. दुसरा पाइप पहिल्यापेक्षा चार-पाच सेंमी उंच ठेवायचा. तो एरवी कोरडा. पहिला तुंबला की पाणी चढून दुसऱ्यात पडतं, खळखळाट होतो आणि तुम्हाला जाग येते. दुसऱ्यावर व्हॉल्व्ह कधीही लावायचा नाही, जाळी लावायचीच तर मोठ्या भोकांची.

तीन भोकं असती तर बीनॲनिमल पद्धत सुचवली असती. तिच्यात भरलेला पाइप, थोडं पाणी वाहणारा पाइप आणि कोरडा पाइप असे तीन असतात आणि व्हॉल्व्हला सारखा हात लावावा लागत नाही. पण भरलेल्या टाकीसाठी नवं भोक पाडण्याच्या फंदात पडू नका. तळाची काच टफन्ड असेल तर ड्रिल टेकताच चुरा होईल.

गुलमोहर

मला हा सगळा खटाटोपच पटत नाही. माझी पाच फुटी टाकी आठ वर्षं कॅनिस्टर फिल्टरवर, म्हणजे टाकीबाहेरच्या बंद डब्याच्या फिल्टरवर, चालू आहे. भोक नाही, पेटी नाही, रात्रीची कापाकापी नाही. दोन नळ्या काठावरून आत, कॅनिस्टर खाली. नळ्यांना झटपट सुटणारे जोड कंपनीकडूनच येतात, महिन्यातून एकदा बेसिनमध्ये नेऊन धुतो. पाणथळ, दोन्ही भोकं प्लग लावून बंद करा आणि मोकळे व्हा.

शिंपला

गुलमोहर, कॅनिस्टर चांगलाच असतो. पण संपमुळे टाकीतलं पाणी नेहमी एकाच पातळीला राहतं, हीटर आणि पंप नजरेआड जातात आणि वरचा तवंग पेटीतून निघून जातो. यांनी संप आधीच बांधलेला आहे. अडचण फक्त सांध्यांची आहे.

पाणथळ

सगळ्यांचे आभार. गुलमोहर, कॅनिस्टरचा विचार केला होता, पण संपमध्ये तीन वर्षं मुरलेला फिल्टरचा सिरॅमिक माल आहे, तो टाकवत नाही.

टाकीचा तळ ते संपमधलं पाणी ७० सेंमी. संप ६० × ३० × ३५, त्यात पाणी २० सेंमीपर्यंत. पेटी १५ × १५. भोकं एक इंची आणि पाऊण इंची फिटिंगची. पंप ताशी २००० लिटरचा. हर्बीची कल्पना फार आवडली, पण पाऊण इंचातून तेवढं पाणी जाईल का?

त्रिज्या

जाईल. एक इंची शेड्यूल ४० (भिंतीच्या जाडीचा एक दर्जा) पाइपचा आतला व्यास २६.६ मिमी, म्हणजे छेद सुमारे ५.६ चौ. सेंमी. ताशी २००० लिटर म्हणजे सेकंदाला साधारण ५५६ घनसेंमी. भागाकार केला की पाण्याचा वेग सेकंदाला १ मीटर. ७० सेंमी उतार आणि भरलेला पाइप असताना तुम्हाला उलट व्हॉल्व्ह बराच आवळावा लागेल. पाऊण इंचीचा आतला व्यास २०.९ मिमी, तिथे वेग १.६ मीटरच्या आसपास लागतो. पाइप सरळ खाली आणला, एल्बो घातला नाही, तर तेवढा मिळेल. कोरड्या पाइपला वळण देऊ नका.

पण फिटिंग्जच्या आधी संपचा हिशेब करून बघा. वीज गेली की टाकीतलं पाणी पेटीच्या वरच्या कडेच्या दातांपर्यंत (खाचांपर्यंत) उतरतं. ते अडीच सेंमी धरलं तर १२० × ४५ × २.५ म्हणजे साडेतेरा लिटर. पंचगंगांनी सांगितलेला दाबून बसवलेला पाइप बुडाशी किंचित झिरपला, तर पेटीतलं ४० सेंमी पाणीही हळूहळू खाली येईल, ते ९ लिटर. एकूण साडेबावीस. संपमध्ये वरची १५ सेंमी मोकळी आहेत, म्हणजे २७ लिटर. बसतं, पण साडेचार लिटरच शिल्लक राहतात.

आता पंपाचं तोंड टाकीत पाण्याखाली ५ सेंमी ठेवलंत, तर वीज गेल्यावर तोच पाइप उलटा सायफन होतो आणि आणखी तेरा-चौदा लिटर खाली येतात. खोली भिजणार. म्हणून ते तोंड पाण्याच्या पातळीलगत ठेवा आणि पाइपला पाण्याच्या पातळीलाच ४ मिमीचं भोक पाडा, म्हणजे पाणी जरा उतरताच हवा शिरून सायफन तुटेल. भोक महिन्याला काडीने साफ करा, शेवाळाने बुजतं.

वेंगुर्ला

त्रिज्या यांचा प्रतिसाद छापून कपाटाच्या दारावर लावावा असा आहे. आमच्याकडे पावसाळ्यात दिवसातून चार वेळा वीज जाते. संपवर पट्टी लावून एक रेघ ओढली आहे. पंप चालू असताना त्या रेघेच्या वर पाणी भरायचं नाही, हे घरात सगळ्यांना पाठ आहे.

व्हॉल्व्हबद्दल कळकळीने सांगतो. गेट व्हॉल्व्ह मागितला की हार्डवेअरवाला पितळेचा देतो. तो घेऊ नका. मी पहिल्या टाकीला तोच लावला होता. मासे ठीक राहिले, पण महिन्याभरात चेरी श्रिंप एकेक करून उलटे पडायला लागले. चाळीस होते, सात उरले. पितळेत तांबं असतं आणि तांबं कोळंबी, गोगलगाय, पोवळं यांना फार कमी प्रमाणातही मारक असतं. कारण कळेपर्यंत मी रोज पाणी बदलत होतो आणि रोज दोन-तीन काढून टाकत होतो. ते आठवलं की अजून वाईट वाटतं.

फिटिंग्जमध्येही बघा. सीपीव्हीसीत एमएबीटी, एफएबीटी म्हणून मिळतं त्यात पितळेचे आटे बसवलेले असतात. साधे प्लॅस्टिक आट्यांचे एमटीए (पाइप आट्यांना जोडणारे ॲडॅप्टर) मागा.

पंचगंगा

बरोबर. घरच्या नळाला पितळेचा आटा चांगला, तिथे नळ वरचेवर फिरवला जातो. इथे प्लॅस्टिकच पाहिजे. आणि धातूचा बाहेरचा आटा प्लॅस्टिकच्या आतल्या आट्यात कधी आवळू नका, सॉकेट उभं चिरतं. आज चिरत नाही, दोन महिन्यांनी मध्यरात्री चिरतं.

हडसनकाठी

न्यू जर्सीहून लिहितेय. इथे बीनॲनिमल, हर्बी यांचे तयार संच मिळतात. दोन वर्षांपूर्वी पुण्याला जाताना भावासाठी एक इंची बल्कहेड, म्हणजे तुमचं टँक निपल, आणि त्याचे ॲडॅप्टर बॅगेतून नेले. ॲडॅप्टर एक कमी पडला म्हणून भावाने बोहरी आळीतून एमटीए आणला. तो दोन-अडीच फेरे गेला आणि अडकला. टेप कमी केली, जास्त केली, काही केल्या जाईना. जोर लावला तर निपलच चिरलं.

मग कळलं. अमेरिकेत आटे एनपीटी मापाचे, भारतात बीएसपी. अर्धा आणि पाऊण इंचाला दोन्हीकडे इंचात १४ आटे, त्यामुळे तिथे बसल्यासारखं वाटतं. एक इंचाला बीएसपीत ११ आणि एनपीटीत साडेअकरा. शिवाय आट्याचा कोन इकडे ६० अंश, तिकडे ५५. तेव्हा पाणथळ, कोणी परदेशातून आणून देतो म्हणालं तर आट्यांचं काही मागवू नका.

कोकणकडा

हे माहीतच नव्हतं. वाचनखूण साठवली.

मापांवरून आठवलं. आपल्याकडे आटे सोडाच, पाइपही तीन जातींचे आहेत आणि दुकानात तिन्हींना एक इंची म्हणतात. यूपीव्हीसीचा बाहेरचा व्यास ३३.४ मिमी, सीपीव्हीसीचा २८.६, आणि शेतीचा करडा पाइप ३२. नागदेवीला एका दुकानातून निपल आणि दुसऱ्यातून पाइप घेतला होता. घरी येऊन बघतो तर पाइप सॉकेटमध्ये डुगडुगतोय. करडा होता. सोल्युशन भरपूर घातलं की भरून निघेल असं दुकानदार म्हणाला, पण फट सोल्युशनने भरायची नसते.

तेव्हापासून खिशात पाइपचा चार इंची तुकडा घेऊनच दुकानात जातो आणि प्रत्येक नग तिथेच घालून बघतो. कोरडा पाइप सॉकेटमध्ये अर्ध्या-पाऊण खोलीपर्यंत जाऊन घट्ट व्हायला हवा.

गुलमोहर

गोड्या पाण्याच्या टाकीला सीपीव्हीसीची गरज नाही, ते गरम पाण्यासाठी. यूपीव्हीसी घ्या आणि सगळं यूपीव्हीसीच घ्या. दोघांचं सोल्युशन वेगळं असतं.

मोगरा

माझ्या फायटरचं कोणी सांगितलंच नाही!

शिंपला

मोगरा ताई, फायटरला ओव्हरफ्लो नको, त्याला जोराचा प्रवाह सोसत नाही. पण बोलमधून काढून वीसेक लिटरच्या झाकणाच्या टाकीत ठेवा, एक बारीक स्पंज फिल्टर पुरे. हिवाळ्यात पाणी २४ अंशांच्या खाली जाऊ देऊ नका.

मोगरा

ठेवते. झाकण कशाला ते आता कळलं, परवाच उडी मारून ओट्यावर पडला होता. वाचला.

निवृत्त फिटर

पिंपरीला कारखान्यात एकतीस वर्षं पाइपलाइनवर होतो. युनियनवर दोन शब्द लिहितो, कारण इथे सगळे युनियन घाला म्हणतात, कशी घाला ते कोणी सांगत नाही.

युनियनचे तीन भाग. एका अर्ध्याला बाहेरून आटे असतात आणि तोंडावर खाचेत ओ-रिंग बसते. दुसरा अर्धा सपाट तोंडाचा. तिसरा मोठा नट, तो सपाट अर्ध्यावरून येऊन दोघांना आवळतो. उभ्या पाइपवर ओ-रिंगचा अर्धा खाली, तोंड वर करून लावा. उलटा लावलात तर उघडताच ओ-रिंग निसटून संपमध्ये पडेल आणि कपाटाच्या अंधारात ती सापडत नाही. सपाट अर्धा वर, नटही वर. आणि सपाट अर्धा चिकटवण्याआधी नट पाइपवर चढवून ठेवा. कामावर नव्या पोरांना मी हे ओरडून सांगायचो, तरी आठवड्याला एक नट विसरलेला सापडायचाच, आणि मग सगळा तुकडा वाया.

चिकटवताना युनियन बंद करून चिकटवू नका. सोल्युशनचा ओघळ तोंडावर गेला तर दोन्ही अर्धे जुळून जातात. सुटे चिकटवा, पाव वळसा देऊन अर्धा मिनिट दाबून धरा, दिवसभर वाळू द्या, मग ओ-रिंग घाला.

ओ-रिंगला खोबरेल किंवा व्हॅसलीन लावू नका. बहुतेक ओ-रिंग ईपीडीएम रबराच्या असतात, त्या व्हॅसलीनने फुगतात. सिलिकॉन ग्रीसचा हात फिरवा. नट फक्त हाताने. पाना लावावा लागत असेल तर दोन तोंडं एका रेषेत नाहीत आणि पाइपला ताण आहे, तो आधी काढा. सपाट तोंडाच्या युनियनचा मोठा गुण म्हणजे नट सोडला की मधला तुकडा आडवा सरकून बाहेर येतो, वर उचलावा लागत नाही. कपाटात उचलायला जागा कुठे असते?

वेंगुर्ला

काका, तुमचा प्रतिसाद वाचून आत्ता जाऊन माझ्या युनियन बघितल्या. दोन्ही उलट्या आहेत. रविवारी बदलतो.

निवृत्त फिटर

गळत नसतील तर राहू द्या. पुढच्या वेळी उघडताना खाली वाटी धरा.

त्रिज्या

बॉल की गेट या प्रश्नाचं उत्तर राहिलं. हर्बीला खरं तर प्लॅस्टिकचा गेट व्हॉल्व्ह चांगला, कारण बॉल व्हॉल्व्हचा दांडा केसभर हलला तरी पेटीतली पातळी दोन बोटं बदलते. पण एक इंची प्लॅस्टिक गेट व्हॉल्व्ह आपल्याकडे सहज मिळत नाही. मी दोन्ही बाजूंना युनियन असलेला बॉल व्हॉल्व्ह वापरतो. पातळी जुळली की दांड्याची जागा मार्करने खूण करून ठेवली आहे. साफ करून परत लावला की खुणेवर आणायचा, पाच मिनिटांत जुळतं. शिवाय त्याच्या दोन युनियन त्याच्याबरोबरच येतात, वेगळ्या घ्यायला नको.

भरलेल्या पाइपचं खालचं टोक संपच्या पाण्यात दोन-तीन सेंमीच बुडवा. खोल बुडवलं तर वीज आल्यावर पाइपमधली हवा बाहेर पडत नाही आणि सायफन लवकर सुरू होत नाही.

पाणथळ

काय सुंदर माहिती मिळतेय! यादी केली: एक इंची सॉकेटचं टँक निपल, खाली अडीच इंचाचा तुकडा चिकटवून लगेच युनियनवाला बॉल व्हॉल्व्ह, त्याखाली सरळ पाइप. पाऊण इंचीलाही निपल, तुकडा, युनियन, सरळ पाइप. उद्या शनिवार, सकाळी आणायला जातो.

साळुंकी

थांबा, आणायच्या आधी एवढं वाचा.

तुमच्या यादीत निपल सोडून सगळं सुटतं. आणि तुमचं गळलं कुठून होतं? निपलच्याच वॉशरमधून.

निपल काढायचं तर खालचा नट पूर्ण सोडवून खाली उतरवावा लागतो, मग निपल वर पेटीत ओढून निघतं. आता निपलला तुकडा चिकटवला आणि त्याला युनियनचा अर्धा चिकटवला की तो नट कायमचा त्या तुकड्यावर अडकला. माझ्या एक इंची निपलच्या नटाचं आतलं माप ४४ मिमी आणि युनियनचा नट बाहेरून ६० च्या वर. एक दुसऱ्यावरून उतरणार कसा? वॉशर बदलायचा तर पुन्हा हेक्सॉ. मी हे करून बसले आहे. दीड वर्ष उत्तम चाललं, वॉशर कडक झाला, आणि सगळ्या युनियन असूनही पाइप कापावा लागला. निपलही नवं आणावं लागलं, कारण त्यातला तुकडा निघत नाही.

म्हणून निपल असं घ्या ज्याच्या वरच्या बाजूला सॉकेट आणि खालच्या बाजूला आतून आटे असतील. वर उभा पाइप दाबून बसवा. खाली प्लॅस्टिकचा एमटीए टेप लावून आवळा, आणि एमटीएच्या खाली युनियन. निपल काढायची वेळ आली की आधी युनियन सोडा, मग एमटीए फिरवून काढा, मग नट मोकळा उतरतो. एमटीए फिरवताना दुसऱ्या हाताने नट धरून ठेवा, नाहीतर निपल काचेत फिरतं आणि वॉशर पिळला जातो.

आट्यांचा सांधा एक वाढतो हे खरं. पण तो डोळ्यांसमोर आहे आणि गळलाच तर थेंबाने गळतो.

पंचगंगा

ताई, शंभर टक्के बरोबर. मी वर निपलच्या लगेच खाली युनियन लिहिलं त्यात हा नटाचा मुद्दा सुटलाच होता. भिंतीच्या कामात निपल काढायची वेळ येत नाही, म्हणून डोक्यात आलं नाही.

टेपचं एवढं ध्यानात ठेवा. आट्याचं तोंड आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं चार-पाच फेरे, पहिला आटा मोकळा सोडून. उलटी गुंडाळली तर आवळताना सुटून गोळा होते.

कोकणकडा

एकच शंका. दोन्हीकडे आटे असलेलं निपल घेतलं तर उभा पाइपही आट्यांनी बसेल. मग झिरपणारे ते ९ लिटर वाचतील ना?

साळुंकी

वाचतील, पण १५ सेंमीच्या पेटीत कोपरापर्यंत हात घालून पाइप फिरवायचा आणि खाली निपल फिरू द्यायचं नाही, हे एकट्याला जमत नाही. त्रिज्यांच्या हिशेबाप्रमाणे संपमध्ये ९ लिटर बसत असतील तर दाबूनच बसवा.

पाणथळ

साळुंकी ताई, तुम्ही वेळेवर लिहिलंत. गाडी काढलीच होती.

*(नऊ दिवसांनी)*

पाणथळ

मंडळी, काम झालं. जे झालं तसं लिहितो, पुढे कोणाला उपयोगी पडेल.

वर सॉकेट, खाली आटे असलं निपल चौथ्या दुकानात मिळालं. कोकणकडा यांच्या सांगण्याप्रमाणे पाइपचा तुकडा खिशात होता. पहिल्या दोन दुकानांतलं निपल त्या तुकड्यावर सैल बसत होतं, मापं न घेता घेतलं असतं तर घरी येऊन कळलं असतं. जुनं निपल काढलं तर वॉशर अक्षरशः दगड झाला होता, दुमडला तर मोडला. काचेवर वॉशरच्या जागी पांढऱ्या क्षारांचं कडं होतं. आमचं पाणी बोअरचं आहे. व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं रात्रभर ठेवलं, सकाळी नखाने निघालं.

शनिवारी दुपारी चिकटवलं. युनियनचे नट आधी चढवले, मुलीला शेजारी बसवून तिच्याकडून दर वेळी वदवून घेतलं. रविवारी रात्री आधी फक्त पेटीत पाणी भरलं आणि कपाटात खाली वर्तमानपत्र पसरलं. सकाळी पाऊण इंचीच्या एमटीएखाली रुपयाएवढा एक डाग. एमटीए काढून टेप पाच फेऱ्यांची सहा केली, पुन्हा रात्रभर ठेवलं, कागद कोरडा. ही सगळी काढघाल, निपल सोडून, वीस मिनिटांत झाली. ब्लेड लागलं नाही.

मग टाकी भरली. मुख्य प्लग तीनदा काढून वीज गेल्याची चाचणी घेतली. संपमध्ये पाणी काठापासून सहा सेंमी खाली थांबलं, रेघ ओढून ठेवली. व्हॉल्व्ह जुळवायला पाऊण तास गेला, दांड्याला मार्करची खूण केली आहे. आता पंपाची बारीक गुणगुण सोडली तर कपाटातून आवाज नाही. पहिल्या रात्री दोनदा उठून चालू आहे ना ते बघून आलो.

काल मुद्दाम व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून बघितला. पेटीतलं पाणी चढलं आणि कोरड्या पाइपमधून असं धाडधाड पडायला लागलं की आई देवघरातून बाहेर आली.

अकराच्या अकरा एंजल टाकीत परत गेले. प्लेको ड्रमच्या तळाला चिकटून बसला होता, त्याला काढायला अर्धा तास लागला. भरलेल्या पाइपच्या तोंडावर जाळी लावली आहे, दोन गोगलगायी आत्ताच तिच्यावर बसलेल्या दिसतात.

साळुंकी

फार बरं वाटलं वाचून. जाळी दर आठवड्याला काढून धुवा. आणि वॉशर दोन जादा आणून ठेवा, त्याच मापाचे पुढच्या वर्षी मिळतील याची खात्री नसते.

पंचगंगा

शाब्बास. जुना निपल टाकू नका, त्याचा नट चांगला असेल तर राखून ठेवा.

मोगरा

बाथरूम मोकळं झालं ना? आईंना सांगा, आम्ही पण वाट बघत होतो.

पाणथळ

झालं. ड्रम धुऊन गच्चीवर ठेवलाय. आईने सांगितलंय, तो तिथेच राहू दे, पावसाळ्यात तुमच्याकडचा कोणाचा पाइप तुंबला तर द्यायला होईल.